कॅप लावली म्हणून कंजूष मालक दानशूर होणार आहे का?

फेनवेकर (बॉस्टन)

८ फेब्रुवारी २०२६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलमध्ये, आमचे पेट्रियट्स सिअ‍ॅटलकडून २९-१३ असा मार खाऊन आले. ते दुःख गिळतोय. पण डोक्यात खदखदतंय ते वेगळंच. जानेवारीत डॉजर्सनी काइल टकरला चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलर मोजले. सलग दोन वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकलेली टीम ही! तेव्हापासून जो भेटेल त्याचं एकच पालुपद: बेसबॉलमध्येही फुटबॉलसारखी सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा) आणा. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय, त्यामुळे हे पालुपद वर्षभर ऐकावं लागणार.

माझं म्हणणं एवढंच की दुखणं पोटात आहे आणि तुम्ही पट्टी डोक्याला बांधताय.

आमच्या रेड सॉक्सच्या मुकी बेट्सचंच घ्या. २०१८ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), त्याच वर्षी १०८ सामने जिंकून आम्ही चॅम्पियन. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला डॉजर्सना देऊन टाकला, वर डेव्हिड प्राइस. बदल्यात आले व्हर्डुगो, वाँग आणि जेटर डाउन्स. त्या डाउन्सचं नाव आमच्या कट्टर वैऱ्यांच्या, यँकीजच्या डेरेक जेटरवरून ठेवलेलं, आणि तो आला आमच्या गळ्यात! मोजून १४ सामने खेळला आमच्याकडून. व्हर्डुगोला पुढे यँकीजनाच देऊन टाकला. रेड सॉक्स काय भिकेला लागले होते? आमच्या फेनवे मैदानावरची तिकिटं आणि बिअर काय भावाने विकतात ते आम्हाला विचारा. कुठलाही नियम त्यांना बेट्सला ठेवण्यापासून अडवत नव्हता. लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक रकमेपलीकडे गेला की लागणारा दंड) भरायचा नव्हता, एवढंच.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पाठीवर ५० नंबर असलेला शर्ट घालूनच झोपायची. तिने विचारलं, "आपली टीम गरीब झाली का?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. त्याच ऑक्टोबरात बेट्सने डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात होमरन मारला आणि ते जिंकले. नंबर तोच, ५०. शर्टाचा रंग तेवढा निळा.

आता कॅपवाल्यांनी सांगावं, कॅपने यात काय फरक पडला असता? मालकाला "आमचे हात बांधलेत हो" म्हणायला आयतं कारण मिळालं असतं.

पिट्सबर्गचा_नाना

बॉस्टनवाल्याने गरिबीवर बोलू नये, शोभत नाही. या शतकात चार वर्ल्ड सिरीज जिंकलात तुम्ही. आमची शेवटची १९७९ ची.

इथे या, प्रत्यक्ष दाखवतो. नदीच्या एकाच काठावर चालत जाण्याच्या अंतरावर दोन स्टेडियम. एकात फुटबॉलचे स्टीलर्स, एकात बेसबॉलचे पायरेट्स. शहर तेच, लोक तेच, पाऊसही तोच. २००३ नंतर स्टीलर्सचा एकही हंगाम असा नाही की जिंकल्यापेक्षा हरले जास्त. पायरेट्सनी प्लेऑफचं तोंड शेवटचं पाहिलं २०१५ मध्ये. ९८ सामने जिंकून एका बाद सामन्यात शिकागो कब्जकडून घरच्या मैदानावर हरलो, संपलं. २०१८ च्या जानेवारीत एकाच आठवड्यात गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. आता पिचर पॉल स्कीन्स आहे. २०२५ मध्ये त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.९७, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने, आणि विजय-पराजय १०-१०. म्हणजे बिचाऱ्याने जीव तोडून पिचिंग करायचं आणि आमच्या बॅटरांनी शून्यावर परत यायचं. त्या वर्षीचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. तो कोणत्या वर्षी कोणाकडे जाणार याच्या पैजा आत्ताच लागल्यात.

या दोन स्टेडियममध्ये फरक कशाचा? एकाच्या डोक्यावर कॅप आहे, दुसऱ्याच्या नाही. १९९४ मध्ये फुटबॉलला कॅप आली. त्याच वर्षी बेसबॉलच्या मालकांनीही मागितली, खेळाडूंनी संप केला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. तिथे जे हरलं ते आम्ही छोट्या शहरांनी हरलं.

सदाशिव_पेठी

बेसबॉलमधलं मला शष्प कळत नाही, मध्येच बोलतो. आयपीएलमध्ये २०२५ ला प्रत्येक टीमला पर्स १२० कोटींचीच होती, छदाम जास्त नाही. तरी मुंबई-चेन्नई पाच-पाच, बंगळुरूला पहिल्यासाठी अठरावा हंगाम उजाडला, पंजाब अजून कोरडं. पर्स सारखी असली तरी डोकं सारखं नसतं. चालू द्या.

डॉजरदादा (लॉस एंजेलिस)

आला का सगळ्यांचा राग आमच्यावर! पैसा टाकला की ट्रॉफी मिळते, तर मेट्सकडे का नाही? ह्वान सोटोला १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर. खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. २०२५ मध्ये निकाल काय? ८३ विजय आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर. हेच मेट्स बॉबी बोनिया नावाच्या कधीच्या निवृत्त माणसाला दर १ जुलैला जवळपास १२ लाख डॉलर पाठवतात. २०३५ पर्यंत.

आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा टोरँटोतला सातवा सामना पाहिलात ना? नववी इनिंग, एक आउट, आम्ही एका धावेने मागे. ब्लू जेज जगज्जेते व्हायला दोन आउट बाकी. बॅटिंगला कोण? ओटानी नव्हे, बेट्स नव्हे. मिगेल रोहास. नवव्या नंबरचा, छत्तिशीचा, वर्षाला ५० लाखांचा माणूस, ज्याला फिल्डिंगसाठी ठेवलाय असं आम्हीच हसत म्हणायचो. चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे गेला तेव्हा मी सोफ्यावर उभा होतो आणि बायको ओरडत होती, कुशन फाटेल म्हणून. ते कुशन खरंच फाटलं. कॅपने काय, कुठल्याच हिशेबाने तो होमरन कागदावर आला नसता.

पिट्सबर्गचा_नाना

दादा, रोहासची कथा गोड आहे. पण आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून पुन्हा येऊन तो सामना संपवणारा यामामोटो ३२.५ कोटींचा होता, ते सोफ्यावरून दिसलं नाही वाटतं. ओटानीचे ७० कोटी, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे दहा वर्षांत द्यायचे, बिनव्याजी. आमच्या गावात याला उधारी म्हणतात. ती करायलाही पत लागते.

फेनवेकर

नाना, तुमचं नदीकाठचं उदाहरण मला मान्य, पण त्यातून निघणारा अर्थ उलटा आहे. स्टीलर्स आणि पायरेट्समध्ये फरक कॅपचा नाही, टीव्हीच्या पैशाचा आहे. फुटबॉलचे सगळे मोठे टीव्ही करार देशपातळीवरचे. २०२१ मध्ये झालेले ११ वर्षांचे करार ११,००० कोटी डॉलरच्या घरातले. ते ३२ टीम्समध्ये सारखे वाटले जातात. पिट्सबर्गला जेवढे तेवढेच न्यूयॉर्कला. बेसबॉलमध्ये टीव्हीचा मोठा पैसा स्थानिक. डॉजर्सचा एकट्याचा करार २५ वर्षांचा, ८३५ कोटींचा. भाकरीच सारखी वाटलेली नाही, आणि तुम्ही म्हणता सगळ्यांनी चार घासच खावेत. उरलेली भाकरी कोणाच्या फडताळात जाणार? खेळाडूच्या तर नाहीच.

आणि कॅपने विजेते बदलतात हेही तपासून घ्या. डॉजर्सच्या आधी सलग दोन वर्ल्ड सिरीज जिंकणारी टीम १९९८ ते २००० चे यँकीज. मध्ये इतकी वर्षं एकालाही जमलं नाही. कॅपवाल्या फुटबॉलमध्ये आमच्या पेट्रियट्सनी ब्रेडीच्या काळात सहा सुपर बोल नेले आणि कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी पाच हंगामांत तीन.

मिनिआपोलिसची_माई

तुमच्या कोटींच्या हिशेबात माझी जखम कोणालाच दिसत नाहीये. सुपर बोल जिंकणाऱ्या सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कोण होता? सॅम डार्नल्ड. २०२४ मध्ये आमच्याकडे १४-३ (१४ विजय, ३ पराभव) करून गेला. आमच्या टीमने म्हटलं, जा बाबा, आमच्याकडे नवा पोरगा आहे, स्वस्तातला. सिअ‍ॅटलने तीन वर्षांचे १०.०५ कोटी दिले. आम्ही ९-८, घरी. तो ट्रॉफी घेऊन मिरवतोय.

नाना, हे तुमच्या कॅपचंच लेकरू. मर्यादेत बसवायचं म्हणून नव्या पोराच्या स्वस्त कराराचा मोह होतो आणि हातातला माणूस सुटतो.

दुसरं गाऱ्हाणं प्लेऑफचं. १४-३ असूनही आम्ही पाचवे मानांकित, कारण डेट्रॉइट १५-२ ने आमच्याच गटात पहिले. मग आम्हाला १०-७ वाल्या रॅम्सकडे पाहुणे म्हणून धाडलं. लॉस एंजेलिसला आगी लागल्या म्हणून सामना ॲरिझोनात हलवला, तिथे डार्नल्ड नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. २७-९. चार सामने जास्त जिंकलेली टीम परक्या मैदानावर का जाते, हे मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही.

बफेलोचा_म्हसोबा

माई, नऊ सॅक झाले ते घरी खेळलात तरी झाले असते. राग मानू नका, मी समदुःखी म्हणून सांगतोय, आमच्याइतका मार कोणी खाल्लेला नाही.

गटविजेत्याला घरचा सामना मिळालाच पाहिजे. जानेवारी २०११ आठवा: सिअ‍ॅटल ७-९, हरलेच जास्त, तरी गटात पहिले म्हणून घरी खेळले. समोर न्यू ऑर्लिन्स, ११-५, गतविजेते. सगळे हसत होते. मग मार्शॉन लिंच ६७ यार्ड पळाला, अंगावर येणाऱ्यांना झटकत. लोक एवढे नाचले की भूकंपमापकावर नोंद झाली. ४१-३६. तुमच्या नियमाने हा सामना न्यू ऑर्लिन्सच्या छपराखाली झाला असता.

प्लेऑफचा खरा अन्याय नाण्यात होता. २३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांचे मिळून २५ पॉइंट. १३ सेकंद उरले असताना आम्ही पुढे होतो. तेरा! तेवढ्यात त्यांनी फील्ड गोल मारून बरोबरी केली. ओव्हरटाइमचा टॉस. आमचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन काटा म्हणाला, पडला छापा. चीफ्सनी ७५ यार्ड जाऊन टचडाउन केला आणि सामना खतम. ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. दोन महिन्यांत नियम बदलला, आता प्लेऑफमध्ये दोघांनाही चेंडू मिळतो. आमचं सरण पेटलं तेव्हा कुठे लोकांना विहीर खणायची आठवण झाली.

मिनिआपोलिसची_माई

एका लिंचच्या पळण्यावर नियम टिकवायचा? गटविजेत्याला प्लेऑफमध्ये जागा द्या ना, कोण नको म्हणतंय. घरचं मैदान ज्याचे विजय जास्त त्याला. डेट्रॉइटने २०२५ मध्ये हाच प्रस्ताव मांडला होता, मागे घेतला. त्यांना स्वतःला तोटा होण्याची शक्यता असूनही मांडला, म्हणून मला ते जास्त आवडतात. नाहीतर डेट्रॉइटचं कौतुक आमच्या घरात चालत नाही.

ओकलंडची_माती

बरेच दिवस नुसती वाचत होते. तुमची भांडणं ऐकून हेवा वाटला. भांडायला टीम तरी आहे.

२६ सप्टेंबर २०२४, कोलिझियम स्टेडियममधला आमच्या बेसबॉल टीमचा, ए'जचा शेवटचा सामना. ४६ हजारांवर माणसं. त्याच स्टेडियममध्ये आम्ही कितीतरी बुधवारी पाच-सहा हजारांत बसून थंडीत कुडकुडलो होतो. टेक्ससला ३-२ ने हरवलं. संपल्यावर कोणी हलेना. मैदानातली लाल माती कामगार मूठ-मूठ देत होते. माझ्याकडे पिशवी नव्हती, डब्यातली चटणीची छोटी डबी होती. ती कडेच्या नळावर धुतली आणि भरून आणली. आता देवघराशेजारच्या फळीवर असते. सासूबाई आल्या की विचारतात, ही कुठल्या तीर्थाची?

टीम सॅक्रामेंटोच्या छोट्या लीगच्या मैदानावर खेळते आणि पुढे लास व्हेगसला जाणार. ओकलंडमधून बास्केटबॉलचे वॉरियर्स गेले, रेडर्स गेले, मग हे. रेडर्स तर कॅपवाल्या फुटबॉलचेच होते हो नाना, टीव्हीचा सारखा वाटाही त्यांना मिळत होता फेनवेकर. तरी गेले. तुमच्या दोघांच्याही हिशेबात हे कुठे बसवायचं?

फेनवेकर

नाही बसत. माझ्या तर नाहीच.

पिट्सबर्गचा_नाना

ताई, त्या डबीवर काही बोलायची माझी हिंमत नाही.

बाकी फेनवेकर, रात्रभर विचार केला. वरची कॅप नंतर बघू, आधी खालची लावा: अमुक एवढा खर्च केलाच पाहिजे, नाहीतर श्रीमंत टीम्सकडून मिळणारा वाटणीतला पैसा बंद. आमच्या मालकाला झोंबायचं तर तेच झोंबेल.

फेनवेकर

मग मी वेगळं काय म्हणत होतो?

पिट्सबर्गचा_नाना

तुम्ही चार ट्रॉफ्यांवर बसून म्हणत होतात. स्कीन्स अजून आमच्याकडे आहे तोवर एकदा पोरीला घेऊन या, नदीकाठच्या बाजूची तिकिटं काढून ठेवतो. ५० नंबरचा शर्ट चालेल. निळा नको.