मदत हवी आहे : विनोदी सीक्वेलवरच्या उलटसुलट प्रतिक्रियांचा अर्थ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रिकेत ‘प्रेक्षक काय म्हणतात’ असं एक पान असतं. या वेळी ते माझ्या गळ्यात पडलंय. चित्रपट म्हणजे एका गाजलेल्या कौटुंबिक विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग. नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर धागा ‘चांगला की टुकार’ यावर जाईल आणि माझा प्रश्न तसाच राहील.

खेळ संपल्यावर आम्ही चिठ्ठ्या वाटल्या होत्या. पाचपैकी गुण द्यायचे आणि खाली दोन ओळी लिहायच्या, एवढंच. मी मागे उभी होते. मध्यंतरापर्यंत सभागृह नुसतं दणाणत होतं. चिठ्ठ्यांत मात्र ‘पहिल्याची सर नाही’ हे वाक्य इतक्या वेळा आलंय की सगळ्यांनी मिळून पाठ केलं असावं! काहींना ‘तेच ते पुन्हा’ वाटलं, तर काहींची तक्रार बरोब्बर उलटी, की आजोबांचा तो जुना संवाद यात एकदाच का आला? आणि दोन्ही गटांचे गुण मात्र सारखेच, तीन. सरासरी काढली, ती साडेतीनच्या आसपास येते. आता या साडेतीनचं मी काय करू?

हशा खरा मानायचा की चिठ्ठी? पहिल्या भागाशी होणारी तुलना वेगळी काढता येते का? आणि इंटरनेटवर समीक्षकांची टक्केवारी एक आणि प्रेक्षकांची दुसरीच दिसते, ती सोबत छापावी का? कृपया ‘तुम्हाला कसा वाटला ते लिहा’ असं सांगू नका. ते पान दुसऱ्याकडे आहे.

तिसरी घंटा :
हशा आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ मारू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हसण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो, असं त्याचं निरीक्षण. म्हणजे सभागृहातला हशा गर्दीचा असतो आणि चिठ्ठी एकट्याची. दोन्ही खऱ्या.

तुम्ही मागे उभ्या होतात, तर एक आठवून बघा. हशा नेमका कुठे आला? सीक्वेलमध्ये पात्राच्या नुसत्या एंट्रीला जो हशा येतो तो उधारीचा. पहिल्या भागाने कमावलेला, दुसऱ्याने फक्त वटवलेला. आजोबा दारात दिसले आणि एक शब्द बोलायच्या आत लोक हसले, तर त्यात नव्या लेखकाचं कर्तृत्व काय? नव्या पात्रांना, नव्या प्रसंगांना हशा कुठे आला ते शोधा. ती या भागाची स्वतःची कमाई. मध्यंतरानंतर हशा ओसरला असेल, तर उधारी संपली असं समजा. नाटकाच्या दौऱ्यांवर हे फार जवळून दिसतं.

आकडेमोड्या :
टक्केवारी छापणार असाल तर ती कशाची आहे हे आधी लिहा. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची समीक्षकांची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती जणांचं मत अनुकूल, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तरी १०० टक्के होतात. अर्ध्यांना अफाट आवडला आणि अर्ध्यांना अजिबात नाही, तर ५०. सौम्य कौटुंबिक विनोद कुणाला फारसा खुपत नाही, म्हणून या मोजपट्टीवर तो बऱ्याचदा आहे त्याहून उंच दिसतो.

सिनेमास्कोअर या प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या कंपनीची पद्धत तुमच्या चिठ्ठ्यांच्या जवळची. अमेरिकेत पहिल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ते कार्ड भरून घेतात आणि ए प्लस ते एफ अशी श्रेणी देतात. पण पहिल्या दिवशी येतं कोण? सीक्वेलला तर पहिल्या भागाचे भक्तच. ‘सगळ्या प्रेक्षकांचं मत’ म्हणून ती श्रेणी वापरता येत नाही.

सरासरी टाकून द्या. किती जणांनी किती गुण दिले तो तक्ताच छापा. आणि मला खरी उणीव वाटते ती ही, की चिठ्ठीवर ‘पहिला भाग पाहिला होता का?’ हा प्रश्नच नाही. तो नसेल तर तुलना वेगळी काढणार कशी?

मधल्या रांगेतली :
‘कुणाबरोबर आलात?’ हेही नाही. मुलं घेऊन आलेली माणसं चित्रपटाला गुण देत नाहीत, दोन तास शांततेत गेले त्याला देतात. (मीही देते.) ‘होम अलोन’ (घरात एकटा राहिलेला मुलगा चोरांची फजिती करतो तो) १९९० चा आणि त्याचा दुसरा भाग १९९२ चा. घराऐवजी न्यूयॉर्क, बाकी सांगाडा जवळजवळ तोच. समीक्षकांनी यावरच नाकं मुरडली. पोरांना तेच तर हवं होतं! चोर पुन्हा तसेच आपटले पाहिजेत. तेव्हा ‘तेच ते’ ही तक्रार आहे की पावती, हे लिहिणाऱ्याच्या वयावर ठरतं.

शेवटाकडेही बघा. अशा चित्रपटात शेवटी सगळे एकत्र येतात, मिठ्या, डोळे पुसणं वगैरे. आठवणीत सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांचं वजन जास्त असतं, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. मधला रटाळ अर्धा तास चिठ्ठीत सापडणार नाही.

तिसरी घंटा :
‘पहिल्याची सर नाही’बद्दल राहिलं. ‘झपाटलेला’ १९९३ चा, दुसरा भाग २०१३ चा. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. त्या दुसऱ्या भागाबद्दल कुणी ‘पहिल्याची सर नाही’ म्हटलं तर त्यात चित्रपटाबद्दल किती आणि लक्ष्या नाही याबद्दल किती? तुमच्या चित्रपटात कोणी बदललंय का, थकलंय का? त्या चिठ्ठ्या निराळ्या ठेवा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. पहिल्या भागातल्या आत्याबाई यात नाहीत, आणि ‘सर नाही’वाल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत त्यांचं नाव आहे. हे मी वाचलं होतं, पण दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं. मंडळाच्या सभासदांना फोन करून ‘पहिला पाहिला होता का’ आणि ‘बरोबर कोण होतं’ हे दोन प्रश्न विचारून घेते.

आता एकच अडतंय. लहान मुलांच्या चिठ्ठ्या कशा ओळखू? वयाचा रकाना नाही आणि बरीच अक्षरं मोठ्यांची वाटतात.

मधल्या रांगेतली :
मोठ्यांचीच असणार, मुलं सांगतात आणि आईबाप लिहितात. अक्षर सोडा, दोन ओळींत काय आहे ते बघा. मोठी माणसं ‘अभिनय’, ‘उत्तरार्ध ताणलाय’, ‘संदेश छान’ असं लिहितात. मूल थेट प्रसंग सांगतं, ‘काका पाण्यात पडतात ते’. आणि ज्या चिठ्ठीत आधी काका पाण्यात पडतात आणि मग ‘कौटुंबिक मूल्ये जपली आहेत’ असं येतं, ती दोघांची आहे. तिचे गुण कुठल्याच रकान्यात घालू नका, ती अख्खी छापा.