मदत हवी आहे: मासेराती 'बर्डकेज'चा पितळी सांगाडा पिळतोय

नमस्कार मंडळी,

मासेराती टिपो ६१ या रेसिंग कारचा नुसता सांगाडा मी पितळी तारेतून १:१२ प्रमाणात करतोय. तीन महिने झाले, आता पार अडकलोय. झाळकाम (सोल्डरिंग) केलेले किंवा स्ट्रक्चरमधलं कळणारे कोणी असाल तर जरा वेळ काढून वाचा.

गाडी १९५९ ची. जुलिओ अल्फिएरी या इंजिनिअरने मोजक्या जाड नळ्यांऐवजी १० ते १५ मिमी व्यासाच्या साधारण २०० बारीक पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडल्या. अख्खा सांगाडा जेमतेम ३६ किलो! विंडस्क्रीनच्या काचेतून ते जाळं दिसायचं म्हणून 'बर्डकेज', म्हणजे पिंजरा. बॉनेट खाली राहावं म्हणून २.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ४५ अंश कलतं बसवलेलं. २५० अश्वशक्ती आणि गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची १००० किलोमीटरची शर्यत तिने १९६० आणि १९६१ अशी दोनदा मारली, पहिल्यांदा स्टर्लिंग मॉस आणि डॅन गर्नी हे रेसर चालवत होते. मला मात्र वेड लावलं ते त्या नळ्यांनी. मांडवाच्या खांबांना तिरपा बांबू बांधला की मांडव हलायचा थांबतो, तेच इथे दोनशे वेळा केलंय. नळी फक्त ओढली जावी किंवा दाबली जावी, वाकायची वेळच तिच्यावर येऊ नये.

तर अडचण अशी. मी ०.८ आणि १.२ मिमीची तार वापरतोय, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १८३ मिमी येतो. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे केले तेव्हा दगडासारखे घट्ट होते. ड्रायव्हर बसतो त्या मोकळ्या भागातून दोन्ही जोडले आणि काचेवर ठेवून पाहिलं, तर तीन कोपरे टेकतात, मागचा उजवा दोन मिमी वर. बोटाने दाबला की पुढचा डावा उचलतो.

दुसरं म्हणजे, एका सांध्यावर पाच-सहा तारा येतात. सहावी लावताना आधीच्या दोन सुटतात. ओला कापूस गुंडाळून पाहिला, चिमटे लावले, पण सांधे इतके जवळ आहेत की उष्णता पोचतेच.

मला हे विचारायचंय:

बसायच्या जागेवर वरून तिरपी तार घालता येत नाही. मग पीळ रोखायला दोन्ही बाजूंच्या जाळीची उंची वाढवू, की तळाला आणखी तिरप्या तारा घालू? आधी कशाने जास्त फरक पडेल?

मुख्य सांधे सवागी (टाकणखार) लावून चांदीच्या झाळीने आणि उरलेले साध्या सोल्डरने केले तर? चांदीची झाळ जास्त तापमानाला वितळते, म्हणजे नंतरच्या सोल्डरिंगला ते सांधे सुटू नयेत असा माझा हिशोब आहे. पण तेवढ्या आचेवर ०.८ ची तार मऊ पडून वाकेल अशी भीती वाटते. कोणी सोनारकाम केलंय का? आच किती ठेवता, फुंकणी की गॅसचा बर्नर?

आणि आता झालेला पीळ तापवून काढता येईल, की मधला भाग कापून पुन्हाच करू? कापायला जीव होत नाही, पण तेच बरोबर असेल तर करेन. शनिवारी पुन्हा कामाला बसणार आहे.