मदत हवी आहे: मोठ्या फोटोवरून परत आल्यावर ग्रिड जुन्याच जागी राहते

अँड्रॉइड शिकतोय, पहिलंच ॲप आहे. कोटलिन (भाषा) आणि एक्सएमएल (स्क्रीनची मांडणी), कंपोझ (मांडणीची नवी पद्धत) नाही. दोन ॲक्टिव्हिटी (म्हणजे दोन स्क्रीन): पहिलीत रिसायकलरव्ह्यूची (लांब यादी दाखवणारा घटक) तीन उभ्या रांगांची ग्रिड, दुसरीत व्ह्यूपेजर टूमध्ये (बोटाने पानं सरकवायचा घटक) पूर्ण स्क्रीनचा फोटो. फोटो मीडियास्टोअरमधून (फोनमधल्या फोटोंची अँड्रॉइडची नोंद) येतात, साधारण ४०० आहेत.

आधी इंटेंटमधून (एका स्क्रीनने दुसरीला पाठवायचा निरोप) अख्खा बिटमॅप, म्हणजे फोटोच, पाठवत होतो. ॲप धाडकन बंद पडायचं, कारण हे निरोप नेणाऱ्या बाइंडरची मर्यादा १ एमबी. आता फक्त फोटोचा क्रमांक पाठवतो, ते नीट चालतं.

अडचण परतीची. पाचव्या फोटोवर टॅप केलं, बोटाने सरकवत ६० व्या फोटोपर्यंत गेलो आणि बॅक दाबलं, की ग्रिड पाचव्यापाशीच उभी. मला ६० वा दिसायला हवा.

बॅकवर स्टार्टॲक्टिव्हिटीने (नवी स्क्रीन उघडायची आज्ञा) ग्रिड पुन्हा उघडून पाहिली. पण मग दर वेळी नवी ग्रिड जुनीवर चढते आणि ॲपमधून बाहेर पडायला सात-आठदा बॅक दाबावं लागतं (हसू नका). मग रजिस्टरफॉरॲक्टिव्हिटीरिझल्ट (दुसऱ्या स्क्रीनकडून उत्तर घ्यायची सोय) वापरून ऑनडिस्ट्रॉयमध्ये (स्क्रीन नष्ट होताना चालणारा भाग) सेटरिझल्ट, म्हणजे उत्तर परत द्यायची आज्ञा, लिहिलं, तर ग्रिडकडे कायम रिझल्ट_कॅन्सल्डच (म्हणजे उत्तर नाही) येतं. लॉगमध्ये दुसऱ्या ॲक्टिव्हिटीतला क्रमांक बरोबर दिसतो, म्हणजे बहुतेक सांगायला उशीर होतोय.

किमान एपीआय २४ (अँड्रॉइड ७) ठेवायचाय, बाहेरची लायब्ररी शक्यतो नको. सेटरिझल्ट ऑनपेजसिलेक्टेडमध्ये (पान बदललं की चालणारा भाग) प्रत्येक फोटोला लिहू, की ऑनबॅकप्रेस्डकॉलबॅकमध्ये (बॅक दाबल्यावर चालणारा भाग) एकदाच? की हे सोडून एकाच ॲक्टिव्हिटीत दोन फ्रॅगमेंट (स्क्रीनचे बदलता येणारे भाग) आणि सामायिक व्ह्यूमॉडेल (दोघांची माहिती ठेवणारी जागा) करणंच बरं?