निउकावाकामी : पाऊस मागण्याचे आणि उघडीप मागण्याचे देवस्थान

प्रश्न :
जपानच्या नारा प्रांतातील योशिनो परिसरात निउकावाकामी या एकाच नावाची वरचे, मधले आणि खालचे अशी तीन शिंतो देवळे आहेत, आणि तिन्हींत पाण्याची देवता पुजली जाते. यांपैकी मूळ देऊळ कोणते, आणि त्याचा शेतीशी संबंध कसा आला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
परंपरेनुसार या देवस्थानाची स्थापना इ.स. ६७५ मध्ये, सम्राट तेम्मू यांच्या काळात झाली. अवर्षण पडले की राजदरबार येथे काळा घोडा अर्पण करी आणि पाऊस थांबेनासा झाला की पांढरा. ७६३ सालच्या दुष्काळात काळा घोडा वाहिल्याची नोंद 'शोकु निहोंगी' या राजवृत्तांतात आहे. भाताला आवणीच्या वेळी भरपूर पाणी लागते, पण लोंब्या पिकू लागल्यावर तोच पाऊस पीक आडवे करतो, म्हणून दोन्ही मागणी एकाच देवतेपुढे मांडणारी ही प्रथा मला शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेली वाटते. पंधराव्या शतकातील ओनिन युद्ध या जपानमधील यादवीनंतर दरबारी अर्पणे थांबली आणि मूळ जागाच विस्मरणात गेली. आधुनिक काळात प्रथम खालच्या, मग वरच्या आणि १९२२ मध्ये मधल्या देवळाला मूळ देवस्थान म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे तिघांचाही मान सारखाच समजावा.

प्रतिसाद २ :
मान सारखा असला, तरी मूळ स्थान एकच असणार, कारण दहाव्या शतकातील 'एंगिशिकी' या दरबारी नियमग्रंथातील देवस्थानांच्या यादीत या नावाचे एकच देवस्थान आहे. माझे मत मधल्या देवळाच्या बाजूचे आहे. हिगाशियोशिनो गावात जिथे नद्यांचा संगम होतो, तिथेच ते उभे असून त्याची मुख्य देवता मिझुहानोमे ही जलदेवी आहे.

प्रतिसाद ३ :
वरच्या देवळाची हकिकत मात्र कोणी सांगितली नाही. १९५९ च्या इसे उपसागरातील विनाशकारी वादळानंतर योशिनो नदीवर पूरनियंत्रणासाठी ओताकी धरण योजले गेले. त्याच्या जलाशयात देवळाची जुनी जागा जाणार असल्यामुळे १९९८ मध्ये देऊळ वर डोंगरावर हलवावे लागले. रिकाम्या झालेल्या जागेच्या उत्खननात जोमोन काळातील, म्हणजे जपानच्या प्रागैतिहासिक काळातील, दगडांच्या मांडण्या सापडल्या. मूळ देवस्थान हेच, असा दावा मी करत नाही. परंतु त्या ठिकाणी मानवी वावर किती प्राचीन आहे, याचा हा पुरावा चर्चेत यायलाच हवा.