मदत हवी आहे: रिकाम्या टिपरची चाकं जागेवर घुमवल्यापासून मधल्या हाऊसिंगमध्ये आवाज, आधी काय खोलावं?

नमस्कार मंडळी,
जड गाड्यांची कामं ज्यांनी स्वतः केली आहेत किंवा उभं राहून करून घेतली आहेत, त्यांच्याकडून सल्ला हवा आहे.

गाडी 28 टनी टिपर, दहा चाकी, मागची दोन्ही हाऊसिंग (डाव्या-उजव्या चाकांना फिरवणाऱ्या दात्यांची पेटी) ओढणारी. खडी क्रशरवर चालते. चालवतो माझ्या मावसभावाचा मुलगा. वयाने लहान, पण हात चांगला आहे, गाडी घाटात कधी रडवत नाही. त्याने ऑस्ट्रेलियातल्या ट्रकचे धूर काढायचे व्हिडिओ पाहिले आणि रीलसाठी आपल्या रिकाम्या गाडीची चाकं जागेवरच घुमवली. पुढची चाकं मुरुमाच्या ढिगाला टेकवली, पहिला गिअर टाकला, रेस वाढवून क्लच एकदम सोडला. जागा गाड्या धुवायच्या काँक्रीटची, ओली.

व्हिडिओ मी हळू करून पुन्हा पुन्हा पाहिला. मधल्या हाऊसिंगची चाकं दोन्ही बाजूंनी फिरताहेत, आधी पाणी उडतं, मग वाफ, मग काळा धूर. सगळ्यात मागची जोडी मात्र काँक्रीट संपून मुरुमावर उभी आहे आणि अजिबात हलत नाही. जोड टायरच्या मध्ये अडकलेला एक दगड शेवटपर्यंत जागच्या जागी दिसतो. शेवटी त्याने चाकं फिरत असतानाच दोन्ही हाऊसिंग एकत्र बांधून सारखंच फिरवणाऱ्या लॉकचं बटण दाबलं, कडाक् आवाज आला आणि गाडी ढिगावर चढली.

आता लक्षणं अशी: गिअर टाकून क्लच सोडला की ‘ठक्’. ॲक्सिलरेटर सोडून परत दिला तरी ‘ठक्’. सरळ रस्त्याला बरी चालते, वळणावर घरघर येते. क्लच अजून घसरत नाही, पण त्या दिवशी जळका वास आला होता.

आमचे मिस्त्री म्हणतात दोन्ही हाऊसिंगचे क्राऊन-पिनियन (शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारी मुख्य दातेरी जोडी), आतली सगळी चाकी (छोटी दातेरी चाकं) आणि क्लच सेट एकदमच बदला. तेवढा खर्च आत्ता झेपणारा नाही, गाडीचा हप्ता चालू आहे. आधी काय तपासावं? आणि नेमकं काय बिघडलं हे मला पोरासाठीही समजून घ्यायचं आहे. त्याला कामावरून काढायचं नाही. आत काय होतं हे दाखवलं तर तो ऐकेल.

प्रतिसाद: नगरी_फिटर

दादा, घाईने काही बदलू नका. तुम्ही दिलेल्या खुणा पुरेशा आहेत.

क्राऊन-पिनियन गेलं असतं तर सरळ रस्त्याला ओढताना रडल्यासारखा आवाज आला असता. वळणावरच घरघर म्हणजे डिफरन्शियलच्या (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) आतली छोटी चाकी आणि ती ज्यावर बसतात तो चार पायांचा क्रॉस. व्हिडिओत मधली चाकं फिरतात आणि मागची उभी आहेत, म्हणजे सगळा भार दोन हाऊसिंगमध्ये जोर वाटणाऱ्या, मधल्या हाऊसिंगच्या तोंडाशी असलेल्या डिफरन्शियलने घेतला. सरळ चालताना ती चाकी आपल्या क्रॉसवर जवळजवळ फिरतच नाहीत. एक हाऊसिंग उभं राहिलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं आणि चाकी क्रॉसवर गरागरा फिरतात. वेगामुळे ऑइल बाहेर फेकलं जातं, क्रॉसवर टिकत नाही. लोखंडावर लोखंड घासतं, निळं पडतं, कधी चिकटून बसतं. चिखलात फसलेली उसाची गाडी तासभर रेस देऊन काढतात तेव्हाही हेच होतं.

आधी मधल्या हाऊसिंगचं ऑइल स्वच्छ घमेल्यात काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर खोलावंच लागेल. मग चाकांना पक्की उटी (अडसर) लावून गाडी न्यूट्रलला ठेवा आणि गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचा जॉइंट हाताने फिरवा. जॉइंटच्या क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) दिसला तर ‘ठक्’ तिथूनही येत असेल. एक्सल शाफ्टसुद्धा (हाऊसिंगमधून चाकाकडे जाणारा दांडा) बाहेर ओढून बघा, त्याला गाडी जॅकवर घ्यावी लागत नाही. शाफ्टच्या टोकाचे दाते सरळ रेषेत असायला हवेत. तिरके झाले असतील तर शाफ्ट पिळला गेलाय, तो परत टाकू नका.

फिरत्या चाकांवर लॉक टाकला, त्याचीही भीती आहे. लॉकच्या कॉलरचे (सरकून अडकणाऱ्या दातेरी कड्याचे) दाते नक्की बघा.

प्रतिसाद: आकडेमोड

पोराला समजवायला हा हिशोब घ्या. इंजिनचा टॉर्क (फिरवायचा जोर) समजा 850 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 9 पट, हाऊसिंग 6 पट. चाकांपर्यंत 850 × 9 × 6, म्हणजे 45,900 पोचतात. रिकाम्या गाडीत मागच्या आठ चाकांवर 6 टन धरले, घर्षण 0.7 आणि त्रिज्या अर्धा मीटर, तर कोरड्या काँक्रीटवरही 20,600 च्या आसपास चाकांची पकड सुटते. ओल्यावर त्याच्या बऱ्याच आधी. म्हणून रिकाम्या गाडीची चाकं सहज घुमतात. तीच गाडी भरून मागे 20 टन आले की 68,000 च्या वर लागतात. चाकाची पकड सुटत नाही, मग क्लच जळतो.

पण चाकं घुमत असताना शाफ्टवर ताण उलट कमी असतो. खरा मार बसतो तो चाकाने अचानक पकड घेतली त्या क्षणी. फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड फिरत्या चाकात) साठलेला सगळा फिरता जोर एका झटक्यात शाफ्ट आणि दात्यांवर येतो. तुम्ही ऐकलेला कडाक् तोच असणार.

प्रतिसाद: मेलबर्नचा_मिलिंद

इथे बर्नआउट (असं चाकं घुमवून धूर काढणं) हा मैदानावरचा खेळ आहे, कॅनबेराच्या समरनॅट्स या गाड्यांच्या जत्रेत 1988 पासून गाड्यांचा होतो. तिथली गाडी त्यासाठीच बांधलेली असते, दुसऱ्या दिवशी तिला खडी वाहायची नसते. रस्त्यावर केलं तर आमच्या व्हिक्टोरियात 2006 पासून पोलीस गाडी जप्त करतात. तुमच्या गाडीला मधे रिट्रेड (जुन्यावर नवीन सोल चढवलेले) टायर असतील तर तेही बघा. उष्णतेने वरची सोल सुटते आणि ती भरल्या गाडीखाली, हायवेवर सुटते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चुंबकावर तुकडे होते, म्हणून मधल्या हाऊसिंगचं पुढचं तोंड खोललं. क्रॉसचे दोन पाय निळे आणि खरवडलेले, एक वॉशर पातळ होऊन चाकीला चिकटलेला. लॉकच्या कॉलरचे तीन दाते टोकाला उडालेत. क्राऊन-पिनियनवर ओरखडासुद्धा नाही, शाफ्टचे दाते सरळ आहेत. मागच्या हाऊसिंगचं ऑइल स्वच्छ निघालं, ते खोललं नाही. क्लच प्लेटही सध्या ठेवतोय. पोरगं पूर्ण वेळ शेजारी उभं होतं. निळा पडलेला क्रॉस हातात घेऊन बराच वेळ बघत होता, मग स्वतःच विचारलं, “काका, लॉक कधी टाकायचा असतो?” त्याला काय सांगू?

प्रतिसाद: नगरी_फिटर

त्याला सांगा, फसायच्या आधी. गाडी उभी असताना किंवा अगदी हळू असताना, चाकं फिरत नसताना. पक्क्या रस्त्यावर आला की लगेच काढायचा, नाहीतर वळणावर दोन्ही हाऊसिंग एकमेकांशी भांडतात. आणि चाक फिरायला लागलंच तर आधी ॲक्सिलरेटर सोडायचा.

जोडताना हाऊसिंग डिझेलने धुवा, ब्रीदर (हवा जायचं छिद्र) मोकळा करा, कॉलर नवीनच टाका. आणि गाडी बाहेर काढण्याआधी मधल्या-मागच्या सगळ्या टायरचा घेर दोरीने मोजा. मधले घासून लहान झाले असतील तर नवीन क्रॉस सरळ रस्त्यालासुद्धा सतत फिरत राहील आणि पुन्हा हेच काम निघेल. लहान-मोठे टायर दोन्ही हाऊसिंगवर सारखे वाटून घ्या, पण एका जोडीतले दोन टायर सारख्याच घेराचे ठेवा. पहिलं ऑइल थोड्या खेपांनंतर काढून चुंबक परत बघा आणि इथे कळवा.