जखमा भरेनाशा झाल्यावरचा वूल्व्हरिन

चरईचा वाचक (ठाणे):

मागच्या रविवारी पुतण्याच्या हट्टाखातर ‘लोगन’ हा २०१७ सालचा चित्रपट घरी पुन्हा पाहिला आणि त्यावरून आमच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तो येथे मांडतो. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी पुढे वाचू नये; रसभंग होईल. पुतण्याचे म्हणणे असे की, ज्या वूल्व्हरिनला पाहत तो लहानाचा मोठा झाला, त्याला लंगडताना, खोकताना आणि चष्मा लावून कागद वाचताना दाखवणे हा त्या नायकाचा अपमान आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. शक्ती ओसरल्यामुळेच हा माणूस पहिल्यांदा कोणाचा तरी कोणीतरी झाला.

ज्यांना हे पात्र फारसे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वूल्व्हरिन, म्हणजेच लोगन, १९७४ मध्ये मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा प्रकाशनाच्या हल्क या नायकावरच्या अंकांतून प्रथम वाचकांसमोर आला. त्याची ओळख मुठींतून बाहेर येणाऱ्या नखांमुळे असली तरी त्याची खरी शक्ती जखमा आपोआप भरून येण्याची आहे. एकोणिसाव्या शतकात कॅनडात जन्मलेला जेम्स हाऊलेट (हे त्याचे मूळ नाव) एकविसाव्या शतकातही चाळिशीचा दिसतो, तो याच शक्तीमुळे. आणि हाडांवर अ‍ॅडमँटियम हा काल्पनिक धातू चढवण्याची शस्त्रक्रिया त्याला सोसली, तीही याच शक्तीमुळे. चित्रपटातला काळ २०२९ चा आहे. लोगन टेक्सासच्या सीमेवर भाड्याची लिमोझिन चालवतो, दारू पितो आणि नव्वदी ओलांडलेल्या चार्ल्स झेवियर यांना, म्हणजे एक्स-मेन या अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या संघाच्या संस्थापकांना, सीमेपलीकडे एका पडक्या पाण्याच्या टाकीत लपवून ठेवून सांभाळतो. हाडांवरचा धातू आता त्याच्या अंगात विषासारखा भिनू लागला आहे. ज्यांच्या इमारतीच्या टाकीला कधी गळती लागली असेल त्यांना हे लगेच समजेल: पंप दमदार असेपर्यंत गळती कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पंप थकला की एकाच आठवड्यात सगळ्या मजल्यांवर बोंब होते.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मारामारीनंतर लोगन आरशासमोर उभा आहे, एक नख अर्धेच बाहेर येऊन अडकले आहे, आणि तो दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते ओढून बाहेर काढतो. गंजलेली कडी ओढावी तसे. पुतण्याने तेथे तोंड फिरवले.

आता मुद्दा. ज्याच्या जखमा आपोआप भरतात त्याला मलमपट्टी करणारा माणूस लागत नाही, आणि ज्याला मलमपट्टी करणारा लागत नाही त्याला कोणाशी गोड बोलण्याचीही गरज पडत नाही. त्याचा तुसडेपणा म्हणजे त्या शक्तीचीच दुसरी बाजू होय. चित्रकथांमध्ये त्याला डाकेन नावाचा मुलगा आहे. त्या नात्याचा शेवट २०१२ मधल्या एका अंकात बापाने मुलाला पाण्यात बुडवून मारण्यात झाला. पूर्ण ताकदीच्या वूल्व्हरिनचे पितृत्व हे असे. उलट चित्रपटात त्याच्या जनुकांपासून प्रयोगशाळेत जन्माला घातलेली लॉरा त्याच्या पदरात पडते तेव्हा तो इतका थकलेला असतो की, तो बेशुद्ध पडल्यावर तीच त्याला दवाखान्यात पोहोचवते आणि पुढे गाडीही तीच चालवते. तरुणपणी हे घडलेच नसते.

पारसिकचा पायथा (बेलापूर):

आपला मुद्दा आकर्षक आहे, पण सोयीचा पुरावा निवडून मांडलेला आहे. २००० सालचा पहिला एक्स-मेन चित्रपट आठवा. त्यात लोगन पूर्ण ताकदीचा आहे आणि तरीही रस्त्यावर भेटलेल्या रोग नावाच्या मुलीची जबाबदारी तो घेतो. दुःस्वप्नातून दचकून उठताना त्याची नखे तिच्या अंगात घुसतात. ती त्याला स्पर्श करून त्याचीच शक्ती शोषून घेते आणि वाचते. शेवटी ती मरणाच्या दारात असताना तो आपणहून तिच्या चेहऱ्याला हात लावतो, जेणेकरून त्याच्या अंगातली शक्ती तिच्यात जावी, आणि त्याच्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात. हे पितृत्व नव्हे तर काय? येथे शक्ती नात्याच्या आड येत नाही. तीच नाते निभावण्याचे साधन होते. चित्रकथांमध्येही किटी प्राइड आणि ज्युबिली या मुलींना त्याने वाढवले आहे आणि २०११ पासून तर तो एका शाळेचा मुख्याध्यापक होता. तुसडा मुख्याध्यापक, पण मुख्याध्यापकच. (आमच्या शाळेतलेही काही वेगळे नव्हते.)

तेव्हा म्हातारपणाने त्याचा स्वभाव बदलला, असे म्हणण्याऐवजी म्हातारपणामुळे तो स्वभाव झाकायला त्याच्याकडे काही उरले नाही, असे फार तर म्हणता येईल. आणि डाकेनचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. मुलाला मारल्यानंतर तो जे भोगतो, त्यावर कोणतीही शक्ती उपाय करीत नाही.

चरईचा वाचक (ठाणे):

रोगचा प्रसंग मी विसरलो होतो, हे मान्य करतो. तरी एक फरक राहतोच. त्या प्रसंगात तो देणारा आहे. द्यायला बळ लागते. घ्यायला लागते ते वेगळेच काही असते, आणि ते त्याच्याजवळ शेवटपर्यंत नव्हते.

नेरूळ सेक्टरवासी:

आपण दोघेही लोगनविषयी बोलत आहात, पण त्या चित्रपटातला म्हातारा सुपरहिरो लोगन नव्हेच. तो झेवियर आहे. मी गेली सहा वर्षे वडिलांना सांभाळते आहे, म्हणून हे थोडे तिखटपणे लिहिते आहे.

माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात तीस वर्षे होते. रासायनिक पिंपे ते एकट्याने कलती करून काठावर फिरवत फिरवत नेत असत, हे त्यांचे जुने सहकारी आजही विरंगुळा केंद्रात सांगतात. आज त्यांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मी दर रविवारी भरते आणि ते मंगळवारी बुधवारच्या कप्प्यातली गोळी घेतात, मग बुधवारी माझ्यावर चिडतात की तू कप्पा रिकामा ठेवलास. झेवियर यांची शक्ती त्यांच्या मेंदूत आहे आणि मेंदूच आजारी पडला आहे. औषध चुकले की त्यांना झटका येतो आणि आजूबाजूची सगळी माणसे जागच्या जागी गोठतात. अशाच एका झटक्यात त्यांच्या स्वतःच्या माणसांचे जीव गेले आहेत आणि ते त्यांना धड आठवतही नाही. लोगनला ते आठवते, आणि तो त्यांना ते सांगत नाही. लोगन त्यांना उचलून शौचालयात नेतो आणि दोघेही एकमेकांवर खेकसतात. तो प्रसंग ज्याने लिहिला त्याने कोणाला तरी घरी सांभाळलेले असणार, असे मला तेव्हा वाटले.

माझा आक्षेप पुढचा आहे. लोगनला चित्रपटाने लढता लढता मरण दिले. त्याला अंथरुणाला खिळायचे नाही आणि लॉराला त्याचे अंथरूण बदलायचे नाही. म्हातारपण दाखवले म्हणून ज्या चित्रपटाची वाहवा होते, तो म्हातारपणाची खरी दहा वर्षे गाळून थेट शेवटाला येतो. आपण म्हणता की त्याला घेणे शिकावे लागले. दोन दिवस कोणी गाडी चालवली म्हणजे घेणे शिकले, असे होत नाही हो. घेणे शिकायला माझ्या वडिलांना चार वर्षे लागली आणि मला त्याहून अधिक.

ऐरोलीचा अभियंता:

मला हे सगळे अति गंभीर वाटते आहे. ह्यू जॅकमन यांनी २००० ते २०१७ अशी सतरा वर्षे ही भूमिका केली, नट वयाने वाढला आणि लेखकांनी त्याच्या वयाचा चांगला उपयोग करून घेतला, एवढेच यात आहे. आणि इतके रडवून पुरलेल्या माणसाची भूमिका घेऊन तोच नट २०२४ मध्ये दुसऱ्या विश्वातला वूल्व्हरिन म्हणून ठणठणीत परत आला. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात. येथे म्हातारा परत आल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावला आहे. ज्या प्रकारात मरणच कायमचे नसते त्यात वार्धक्याचा अर्थ कसला शोधायचा? पुतण्याचे म्हणणे निदान प्रामाणिक आहे. त्याला नखे पाहायची होती.

कळव्याचा निवृत्त शिक्षक:

नखांच्या पलीकडेही या विषयात पुष्कळ आहे, आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. रामायणाच्या किष्किंधाकांडात समुद्रकिनारी वानर बसलेले असतात आणि कोण किती योजने उडी मारू शकेल, याची विचारणा होते. एकेक जण आपापला आकडा सांगतो. वृद्ध जांबवंत म्हणतो की, वामनाने त्रिविक्रमाचे रूप घेतले तेव्हा मी त्याला प्रदक्षिणा घातली होती, पण आता म्हातारा झालो आहे. माझ्याने नव्वद योजने होतील. लंका शंभर योजनांवर आहे. तो बढाई मारत नाही आणि गळाही काढत नाही. उरलेल्या बळाचा नेमका आकडा सांगतो आणि मग एका बाजूला गप्प बसलेल्या हनुमंताकडे जाऊन त्याला त्याच्या बळाची आठवण करून देतो.

याच जांबवंताची स्यमंतक मण्याची कथा गणेश चतुर्थीला घरोघरी सांगितली जाते. मणी त्याने आपल्या लेकराला खेळायला दिलेला असतो आणि त्यासाठी भागवताप्रमाणे अठ्ठावीस दिवस तो श्रीकृष्णाशी मुठींनी लढतो. अंगाचे सांधे खिळखिळे होतात, घामाने भिजतो, आणि मग समोर कोण आहे हे ओळखून थांबतो.

लोगनला हा थांबण्याचा क्षण मिळालेला नाही, असे मला वाटते. शेवटच्या लढाईत तो काय करतो? तात्पुरते बळ परत आणणारे औषध सगळेच्या सगळे टोचून घेतो, काही क्षण जुना वूल्व्हरिन होतो, आणि औषध उतरताच कोसळतो. त्याला म्हातारा होण्याची परवानगी त्याच्या निर्मात्यांनीच दिली नाही. त्याच्यासमोर उभा केलेला शत्रूसुद्धा त्याच्याच तरुण शरीराची नक्कल आहे. म्हाताऱ्याने स्वतःच्या तारुण्याशी मुठी आवळून लढावे आणि त्याला आपण पराक्रम म्हणावे, हे मला पटत नाही.

चरईचा वाचक (ठाणे):

गुरुजी, आपण त्या नकलेचा उल्लेख केलात म्हणून लिहितो, कारण माझ्या मते संपूर्ण चित्रपट तेथेच आहे. एका शेतकरी कुटुंबाच्या घरी झेवियर, लोगन आणि लॉरा हे तिघे जेवायला थांबतात. आजोबा, मुलगा, नात, असे. रात्री झेवियर यांना ते जुने झटक्याचे सगळे आठवते आणि ते अंधारात लोगनजवळ कबुली देतात. पण समोर असते ती नक्कल, आणि तिची नखे त्यांच्या छातीत घुसतात. मग खरा लोगन धावत येतो आणि त्यांना उचलून नेताना पुन्हा पुन्हा सांगतो की तो मी नव्हतो. आयुष्यभर ज्याला आपले काही लागत नाही असे भासवले, त्याला शेवटी इतकेच हवे असते की म्हाताऱ्याने मरताना आपल्याविषयी गैरसमज घेऊन जाऊ नये. याला मी घेणे म्हणतो. झेवियर यांना ते पोहोचले की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

नेरूळच्या ताईंचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. दहा वर्षे गाळली आहेत, हे खरेच आहे.

पारसिकचा पायथा (बेलापूर):

म्हणजे आपण मूळ विधान मागे घेता आहात का? शक्ती ओसरल्यामुळे नाते जुळले, असे आपले म्हणणे होते. ज्या प्रसंगाचे आपण आता वर्णन केले, तो शक्ती शाबूत असतानाही तितकाच भेदक ठरला असता.

चरईचा वाचक (ठाणे):

नाही, मागे घेत नाही. शक्ती शाबूत असती तर तो म्हाताऱ्याला घेऊन त्या शेतावर थांबलाच नसता. जेवणाचे आमंत्रण त्याने नाकारलेच होते, ते झेवियर यांनी परस्पर स्वीकारले.

नेरूळ सेक्टरवासी:

तो शेतावरचा प्रसंग मला रात्रभर झोपू देणार नाही, कारण गेल्या महिन्यात वडिलांनी मला आत्या समजून माझ्याचविषयी तक्रार केली. मी ऐकून घेतले. ती मी नव्हे, असे सांगितले नाही.

गुरुजींना एक विचारायचे आहे. जांबवंताला आपला आकडा ठाऊक होता हे मान्य, पण लढाई थांबवल्यावर त्याने मण्याबरोबर मुलगीही देऊन टाकली. जांबवतीला कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. लॉराचेही तेच आहे. या धाग्यावर लोगनला कुटुंब मिळाले की नाही यावर एवढे लिहून झाले. तिला बाप मिळाला तो मोजके दिवस, आणि त्यातलाही बराचसा वेळ तो तिला टाळत होता. लोगनला पुरायचा खड्डा लॉरा आणि तिच्याबरोबरच्या मुलांनीच खणला. निघताना ती मागे वळते, कबरीवरचा क्रूस उपटते आणि त्याची फुली, म्हणजे एक्स-मेनमधला एक्स, होईल असा तिरपा करून ठेवते. तिच्या हातांना दोन-दोन आणि पायांना एकेक नख आहे, आणि तिच्या नखांवरही तोच धातू आहे.

कळव्याचा निवृत्त शिक्षक:

जांबवतीविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. इतकी वर्षे ती कथा वर्गात सांगितली, पण हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. भागवताचा तो अध्याय आज पुन्हा काढून पाहतो.