जेवण आटोपल्यानंतरचे टेबल
खानावळीत जेवणाचे पैसे मोजले म्हणजे जेवणानंतरही हवा तितका वेळ बसण्याचा हक्क आलाच, असे काही जण म्हणतात; हे मत मला निम्मेच पटते. दुपारी चार वाजता, टेबले रिकामी असताना, कोणी तासभर बसले तरी कोणाचीच हरकत नसते. परंतु जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत, सोलापुरातील खानावळीच्या दाराशी माणसे लेकरे कडेवर घेऊन ताटकळत असताना, कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपवून, बिल चुकते करूनही बडीशेप चघळत गप्पा लांबवणे अप्रशस्तच होय. वेटर तेच टेबल दुसऱ्यांदा पुसतो, रिकामे पेले उचलतो, तो इशाराच असतो. (आमचे थोरले बंधू नेमके तेव्हाच ‘दोन चहा’ सांगतात.) मालकाने मात्र ‘उठा’ म्हणू नये, ‘आणखी काही आणू का?’ एवढे विचारणे पुरते.